शटरिंग काढल्यावर

दोहा. जुलै. रात्रीचे पावणेदोन.
बाहेर सदतीस, इनक्युबेटरच्या आतही सदतीस.
मध्ये एक काचेचं दार
आणि माझं कार्ड, जे तिसऱ्या खेपेला लागतं.

लॅबमधला उजेड हळदीच्या पाण्यासारखा पिवळा,
कारण पांढऱ्या उजेडात रेझिन आपोआप आळतं.
चकतीवर त्याचा एक थेंब, काकवीसारखा चिकट.
लेसर त्यात खालून शिरतो
आणि त्याचं टोक जिथे टेकेल
तेवढंच घट्ट होतं.
बाकीच्या थेंबाला पत्ताही नसतो.

खांब. भिंत. दोन भिंतींत एक बोळ,
आठ मायक्रॉनचा, मग पाचचा, मग तीनचा.
सगळं बांधकाम माझ्या एका तुटक्या केसाच्या जाडीएवढं.
या बोळांतून त्वचेच्या पेशी चालवायच्या
आणि बघायचं, कुठे अडतात.
जखम भरते म्हणजे त्या चालत येतात,
काठाकडून मध्याकडे.
कधी येत नाहीत.

पण आधी खांब उभे राहायला हवेत.
तीनदा छापले, तीनदा धुतले, तीनदा सुकवले,
आणि दर वेळी मायक्रोस्कोपखाली तेच,
डोक्याला डोकं लावून झुकलेले,
लग्नघरात कुणाची तरी निंदा चालल्यासारखे.

मग फोन. बाणकोटला सव्वाचार.
फजरला अवकाश होता, पण अंगठा झोपू देत नव्हता.
अब्बांचा उजवा अंगठा, साखर, सात महिने.
त्याबद्दल ते एक वाक्य बोलतात
आणि विषय माझ्यावर ढकलतात:
"काय बांधतेस गो सध्या?"

सांगितलं. हसतील वाटलं होतं.
बावीस वर्षं याच शहरात त्यांनी शटरिंग ठोकलं.
माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या दोन इमारती
आधी त्यांच्या प्लायवूडमध्ये पोकळ उभ्या होत्या.
गेट पासवर हसनमियाँ तिसेकर, सुतार,
आणि फोटोत मिशी, जी मी कधी पाहिली नाही.

"साचा काढल्यावर पडतात?"
हो.
"म्हणजे सुकवतेस."
हो. नायट्रोजनने.
"सुकवतेस कशाला? ओलं कॉलम कोण सुकवतो?
गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी पाजायचं असतं त्याला."

त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं.
काँक्रीटला पाणी मुरण्यासाठी हवं,
आणि माझे खांब तर जाता जाता पाणीच पाडतं,
शेवटचा थेंब उडताना शेजाऱ्यांना एकमेकांकडे ओढतो.
हे मी त्यांना समजावत बसले नाही.
खरं तर मलाच ते तेव्हा समजलं,
आणि फोन कानाला तसाच धरून मी उठले.

दुसऱ्या रात्री एकदाही कोरडं पडू दिलं नाही.
द्रावणातून द्रावणात, बुडलेलंच,
फायब्रोनेक्टिनचा एक हात,
कारण पाय रोवायला काहीतरी लागतं.
वर पेशी सोडल्या.
दर पाच मिनिटांनी एक फोटो.

चार वीस. एक पेशी तीनच्या बोळापाशी.
पुढचा भाग भिंत चाचपत पार पलीकडे,
आणि केंद्रक तोंडाशी, फुगलेलं, अडलेलं.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो.
इथे सोंड पलीकडे पोचलीय
आणि हत्ती दाराशी.
चार पंचवीस. तसंच.
साडेचार. केंद्रक थोडं लांबट,
चिंचोक्यासारखं.
पाचला मी चहा आणायला गेले
आणि परत आले तेव्हा ती पलीकडे होती.
नेमका तो क्षण माझ्या डोळ्यांनी नाही, कॅमेऱ्याने पाहिला.

फोटो अब्बांना पाठवला.
खाली लिहिलं, अंगठ्याचा फोटो पाठवा, उजेडात काढलेला.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.

मग उत्तर आलं. पेशीबद्दल अवाक्षर नाही,
अंगठ्याबद्दलही नाही.
"डावीकडून तिसरा कॉलम ओळंब्यात नाही."

मोजलं.
अर्धा मायक्रॉन.